सगळं मिळालंय, मग आतून काहीच का वाटत नाही?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाचते बरंच, लिहिते कमी. हा धागा मात्र मनात बरेच दिवस घोळत होता.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सांगलीच्या वालचंदमधून २००४ साली इंजिनिअर झाले, कॅम्पसमधूनच पुण्यात एका आयटी कंपनीत लागले आणि आज हिंजवडीत डिलिव्हरी हेड आहे. क्लायंट लंडनचा, विमा क्षेत्रातला. हाताखाली दोनशेच्या वर माणसं. बाणेरला स्वतःचं घर, कर्ज फिटलेलं. नवरा समजूतदार, मुलगा नववीत. आईवडिलांचं दुखणंखुपणं निघालं तर पैशाकडे बघावं लागत नाही. हे मिरवायला सांगत नाही. प्रश्न कळायला एवढं सांगणं भाग आहे.

यंदा व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र आलं. गावी फोन केला तर आईला रडू फुटलं. नवरा चितळ्यांकडून पेढे घेऊन आला. आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही, नुसतं कोरडं. पेढा खाल्ला आणि सोमवारच्या रिव्ह्यूची स्लाइड दुरुस्त करत बसले.

आधी वाटलं, थकवा असेल. सुट्टी घेतली, केरळला जाऊन आलो. छान होतं, पण परत आल्यावर तेच. छंद जोपास, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहून काढ, विपश्यनेला जा, हे सगळं जवळच्यांनी सुचवून झालंय आणि त्यातलं बरंचसं मी करूनही पाहिलंय. म्हणून मी उपाय विचारत नाहीये. मला हे आहे काय ते समजून घ्यायचंय. ज्यांना असं झालंय किंवा होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहा. घरात बोलले की "तुझं काय, सगळं चांगलंच तर आहे" इथे गाडी थांबते.

शमीपत्र

अगदी अगदी. मी बँकेत आहे, स्केल चारची वरिष्ठ अधिकारी. धागा माझाच आहे असं वाटलं. वाचतेय.

बेदाणा

ताई, राग मानू नका, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे सुखाचं दुखणं वाटलं. आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की डावणी रोग येतो आणि वर्षभराचा पैसा आठ दिवसांत मातीत जातो. माझा चुलतभाऊ पुण्यात तुमच्यासारख्या कंपनीत लागावा म्हणून काकांनी जमिनीचा तुकडा विकला. ज्या पगारासाठी आमच्याकडे घरं पणाला लागतात, तो मिळूनही कोरडं वाटतं म्हणजे काय, हे पटकन पचत नाही.

पण मग माझ्याच घरात बघितलं. गेल्या हंगामात बेदाण्याला दर चांगला लागला. सौद्यातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, घेऊन आलो तेव्हा वडील दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी एप्रिलची खरड छाटणी, मजूर कुठून आणायचे, पाणी पुरेल का, हे सुरू. मात्र तेच वडील पहाटे बागेत जाऊन वेलीची काडी हातात धरून तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, मोजतात, घड किती निघतील त्याचा अंदाज बांधतात, तेव्हा त्यांना हाक मारली तरी ऐकू जात नाही. पट्टीच्या पैशाने तो चेहरा होत नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या कामात असं काडी हातात धरण्यासारखं काही राहिलंय का?

वऱ्हाडी_डॅलस

मी अमरावतीचा, टेक्सासला येऊन पुष्कळ वर्षं झाली. मोठं घर, पोहण्याचा तलाव, मुलांच्या शाळा उत्तम. ग्रीन कार्डच्या रांगेत मात्र अजून उभा आहे. एका देशाच्या वाट्याला दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्के असा नियम असल्याने भारतीयांची रांग हलतच नाही. वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा परत यायला व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीने निघू शकलो नाही. इथल्या गणपतीत लेझीम खेळतो, लोक म्हणतात मजा आहे तुझी.

माझं कोरडेपण तुमच्यापेक्षा वेगळं आहे, ताई. मला कारण माहीत आहे. तुमचं कारण तुम्हाला सापडत नाही, त्याचा त्रास जास्त असणार.

सांजओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे निदान करता येत नाही आणि करूही नये, पण या धाग्यावर कोणीतरी हे सांगायला हवं म्हणून लिहिते.

"सगळं आहे पण काही वाटत नाही" असं म्हणत येणाऱ्या माणसांमध्ये दोन वेगळे गट असतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एका गटाला कामातलं काही वाटत नाही, पण भाचीच्या लग्नात, आवडीच्या जेवणात, जुन्या मैत्रिणीशी बोलताना रंग भरतो. दुसऱ्या गटाचा सगळीकडचाच रंग उडालेला असतो. पहाटे तीन-चारला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही. खाण्याची चव जाते, कुणाला भेटावंसं वाटत नाही, बारीकसारीक निर्णयही जड जातात. ही माणसं कामावर जातात, प्रेझेंटेशन देतात, डबा भरतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रेंगाळणाऱ्या सौम्य नैराश्याला डिस्थायमिया म्हणतात. त्याला उपचार आहेत. त्यावर छंद सुचवत राहणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आणि शरीर तपासून घ्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याने मन मलूल होतं. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन खालीवर होतात, झोप बिघडते, त्याचाही मनावर परिणाम होतो. बायका हे "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणून अंगावर काढतात.

सगळीकडचाच रंग उडाला असेल, किंवा जगणं नकोसं वाटतंय असा विचार मनात येऊन जात असेल, तर कुणीही वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. तपासण्या केल्या होत्या. बी-१२ खरंच कमी होतं, इंजेक्शनं घेतली, दुपारची मरगळ गेली. पण तो कोरडेपणा तसाच राहिला. तुमची फूटपट्टी लावून बघितली तर मी पहिल्या गटातली. आईच्या हातचं वांग्याचं भरीत आजही तितकंच लागतं. मुलाच्या शाळेतलं नाटक बघताना रडले. कोरडं आहे ते कामाच्या बाजूचं. पण दिवसाचे दहा-अकरा तास त्याच बाजूला जातात, म्हणून ते घरभर पसरतं.

बेदाणा, तुमच्या प्रश्नाने हलले. त्याचं उत्तर सावकाश लिहिते.

वाटसरू_गुहागर

मी नोकरी सोडून कोकणात आलो, होमस्टे चालवतो. या धाग्यावर आता "सोडून द्या आणि मनासारखं जगा" असे सल्ले येतील म्हणून आधीच लिहितो.

सोडल्याचा पस्तावा अजिबात नाही. सकाळी विहिरीवरचा पंप सुरू करून पोफळींना पाणी सोडतो तेव्हा खरंच बरं वाटतं. पण पहिलं वर्ष सरल्यावर लक्षात आलं की पाहुण्यांनी ऑनलाइन दिलेले तारे मी तसेच बघतोय जसे अप्रेझलचे आकडे बघायचो. शेजारच्या वाडीतल्या होमस्टेला ४.८ तारे आहेत आणि आपल्याला ४.६, यावरून झोप उडायची. मे महिन्यात आंब्याचे पाहुणे, जीएसटीचा भरणा, पाणी कमी, कामाला माणूस नाही. मोजण्याची सवय हिंजवडीत ठेवून येता येत नाही. ती सामानाबरोबर येते. ती उतरवायला मला गाव बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

जागा बदलण्याआधी नेमकं काय नकोय ते ठरवा. मला माणसांची उतरंड नको होती, ते इथे मिळालं. ज्यांना काम नको असतं त्यांनी इकडे येऊ नये, इकडे काम दुप्पट आहे.

चैत्रपालवी

मला वाटतं आपण फार स्वतःपुरतं बघतोय. बाबा आमट्यांची वरोऱ्याला चांगली चाललेली वकिली होती. ती सोडून १९४९ साली आनंदवन उभं केलं. दुसऱ्यासाठी काही करायला घेतलं की पोकळी आपोआप भरते.

फीडर_क्रमांक_चार

चैत्रपालवी, भावना पोचली, पण या उदाहरणावर थोडं बोलायचंय. बाबांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी आहे की पावसात गटाराकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते घाबरून पळाले. कशालाच न भिणारा मी एका आजारी माणसाला भ्यालो, हे त्यांना सोसवेना. ते परत गेले. पुढे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. स्वतःच्या आत समाधान भरून घ्यायला निघालेल्या माणसाने आनंदवन उभारलेलं नाही. समोर एक काम होतं आणि त्याच्यापासून तोंड फिरवणं अशक्य झालं होतं. माझी पोकळी भरावी म्हणून कुणाची सेवा करायला गेलं तर चार महिन्यांत आपण समोरच्याकडून कृतज्ञतेची वसुली करायला लागतो. मी संस्थांमध्ये हे जवळून पाहिलंय.

आता माझं सांगतो. मी विद्युत मंडळातून निवृत्त झालो. १९९३ च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तरुण कनिष्ठ अभियंता होतो. आमची तुकडी तिकडे गेली. दगडमातीची घरं बसलेली, वर पाऊस, खाली चिखल. खांब वाकलेले, तारा लोंबकळत होत्या. तात्पुरत्या छावणीपर्यंत लाइन ओढून पहिला दिवा लागला तेव्हा पत्र्याखाली बसलेल्या एका म्हातारीने हात जोडले. मला नव्हे, दिव्याला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात वाईट काळ होता आणि मी जिवंत होतो असं जर कधी वाटलं असेल तर तेव्हाच.

पुढे चढत गेलो. मुंबईत केबिन मिळाली, गाडी मिळाली. फायली चांगल्या निकाली काढायचो, त्याबद्दल पत्रंही मिळाली. पण माझ्या सहीने कुठल्या गावात दिवा लागला हे मला कधी कळलं नाही. निवृत्तीच्या समारंभात सगळे केबिनमधल्या कामाबद्दल बोलले. मला आठवत होते ते खांब.

कृष्णाकाठ, तुम्ही मला मुलीसारख्या आहात म्हणून हक्काने सांगतो. वर चढताना आपल्याला पगार देतात आणि त्या बदल्यात काम काढून घेतात, हे कुणी सांगत नाही.

शमीपत्र

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. मी शाखेत असताना बचत गटांची कर्जं बघायचे. शिलाई मशीन घेतलेल्या बाया पुढच्या वर्षी चार मशीन घेऊन यायच्या. आता विभागीय कार्यालयात त्याच कर्जांचा थकबाकी टक्का बघते. तेच काम, पण माणूस दिसत नाही.

आकडेमोड

काकांच्या अनुभवाला अभ्यासाचाही दुजोरा आहे. २००७ साली अमेरिकेत अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर प्रयोग केला. काम कंटाळवाणं, दिवसभर नकार ऐकायचे. त्यातल्या काही जणांची त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने बघितलं तर ही मंडळी फोनवर पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ घालवत होती आणि देणग्याही दुपटीहून जास्त येत होत्या. पगार तोच, बॉस तोच.

आणि लॉटरीचं उदाहरण कुणी देण्याआधी: १९७८ चा तो प्रसिद्ध अभ्यास, लॉटरी लागलेले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते हा, फक्त २२ विजेत्यांवर केलेला होता. २०२० मध्ये स्वीडनच्या लॉटरी विजेत्यांवर खूप मोठा अभ्यास आला. त्यात मोठी बक्षिसं मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कित्येक वर्षांनंतरही जास्तच होतं. तेव्हा पैशाने समाधान येत नाही हे सरसकट खरं नाही. बेदाणा यांच्या पहिल्या परिच्छेदाला याचा आधार आहे. पैशाने काळजी जाते आणि ती मोठी गोष्ट आहे. काम अंगाला लागणं हा वेगळा हिशोब आहे, तो पगाराच्या खात्यात जमा होत नाही.

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आता बेदाणा यांना उत्तर.

मी सुरुवात मेनफ्रेमवर केली, म्हणजे बँका-विम्याचे प्रचंड हिशोब चालवणाऱ्या मोठ्या संगणकावर, कोबोल भाषेत. रात्री बॅच, म्हणजे एकामागून एक कामांच्या रांगा, चालायच्या. हजारो पॉलिसींचे हप्ते, व्याज, कमिशन सगळं पहाटेपर्यंत उरकायचं आणि तिकडे लंडनला सकाळ व्हायच्या आत फाइल तयार पाहिजे. मधेच जॉब पडायचा, म्हणजे त्यातलं एखादं काम बंद पडायचं. एस-झीरो-सी-सेव्हन ही चूक त्यातली नेहमीची यशस्वी. म्हणजे जिथे प्रोग्रॅमला आकडा हवा तिथे आकडा नाही. डंप, म्हणजे बंद पडतानाची मेमरीची नोंद, उघडायचा, चूक कुठे झाली तो ऑफसेट घ्यायचा, कंपायलरच्या लिस्टिंगमध्ये ती ओळ शोधायची, मग लाखभर रेकॉर्डमधून तो एक रेकॉर्ड. तिथे हप्त्याच्या रकमेच्या जागी ४०-४०-४० दिसलं की कळायचं, मेनफ्रेमच्या हेक्स आकड्यांत ४० म्हणजे मोकळी जागा. कुठल्यातरी शाखेने रक्कम भरलीच नव्हती. तो रेकॉर्ड बाजूला काढायचा, जॉब पुन्हा सोडायचा आणि पडद्यावर स्टेप एकेक करत हिरव्या होताना बघायच्या. पोटात कावळे ओरडत असायचे आणि कळायचं नाही.

परवा एक नवा मुलगा रात्री असाच अडकला. त्याचा लीड रजेवर होता. एस्कलेशन मेल माझ्यापर्यंत आला. खरं तर तो पुढे ढकलून झोपायचं एवढंच माझं काम. मी कॉलवर गेले, त्याला स्क्रीन शेअर करायला सांगितलं आणि दोघं बसलो. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला हेक्स वाचता येतं? मी त्याला ते रेकॉर्ड स्वतः शोधू दिलं. सापडल्यावर तो जवळजवळ ओरडलाच. पहाट झाली होती आणि मला झोप येत नव्हती, पण ती डॉक्टर म्हणतात तसली जाग नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी फोन केला. रागावले नाहीत, चांगले आहेत स्वभावाने. म्हणाले, तुझा तास महाग आहे, तो असा खर्च करू नकोस.

त्यांचं गणित बरोबर आहे. माझा तास मग कशावर खर्च होतो ते मी नीट बघितलं. युटिलायझेशन, म्हणजे माणसांचा बिल होणारा वेळ, किती टक्के, कोण बेंचवर म्हणजे प्रोजेक्टविना बसलंय, बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात रेटिंग वाटताना, कुणाला खाली ढकलायचं. गेल्या अप्रेझलला एका चांगल्या मुलीला मी खालचं रेटिंग दिलं, कारण कुणाला तरी द्यायचंच होतं. ती समोर बसून मान हलवत होती. हे मी उत्तम करते. म्हणूनच व्हाइस प्रेसिडेंट झाले.

तर बेदाणा, काडी हातात धरण्यासारखं काम आहे. मी ज्या मजल्यावर आहे तिथे नाहीये.

बेदाणा

ताई, आता समजलं. पहिल्या ओळीत जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्याच्या पुढचं जास्त खरं आहे. आमच्यात मोठे बागायतदार असतात, शंभर एकरवाले. ते बागेत जात नाहीत, सुपरवायझर जातो. त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटायचा.

वऱ्हाडी_डॅलस

इकडे बऱ्याच कंपन्यांत मॅनेजर न होता तांत्रिक वाटेनेच वर जाता येतं. प्रिन्सिपल, डिस्टिंग्विश्ड वगैरे हुद्दे. पन्नाशी-साठीतले लोक कोड लिहिताना दिसतात आणि त्यांना मान असतो. आपल्याकडे चाळिशीत कोड लिहिणारा म्हणजे मागे राहिलेला, असं लग्नाच्या बैठकीतसुद्धा बोललं जातं. बदलतंय, पण हळू. मेनफ्रेमची जुनी माणसं निवृत्त होत चाललीत आणि बँका-विमा अजून त्यावरच चालतात, त्यामुळे तुमच्या हातातल्या कौशल्याला इथे फार मागणी आहे. विचारून बघा.

सांजओपीडी

कृष्णाकाठ, तुम्ही कोरडेपणाचा पत्ता स्वतः शोधलात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना "मी कृतघ्न आहे का" ही टोचणीच जास्त छळत असते. ती काढून ठेवा. सगळं मिळालेल्या माणसाला काही कमी आहे असं वाटणं हा गुन्हा नाही.

कृष्णाकाठ

वऱ्हाडी, विचारलं. कंपनीत आर्किटेक्ट लोकांची तांत्रिक शिडी कागदावर आहे, माझ्या हुद्द्यावरून तिकडे कुणी गेलेलं मात्र नाही. गेले तर एक ग्रेड खाली, व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग, बराच कमी. घरी बसून हिशोब केला. कर्ज नाही, मुलाच्या शिक्षणाची तजवीज आहे, जमतं. नवरा म्हणाला, पैशाचं बघू, पण आईंना व्हाइस प्रेसिडेंट गेल्याचं तू सांग. तो भाग सगळ्यात अवघड आहे, कारण आईने ते पत्र गावात सगळ्यांना सांगितलंय आणि तिचा तो आनंद खरा आहे.

वरिष्ठांशी पुढच्या आठवड्यात बोलणार आहे. मॅनेजरचं पद सोडून पुन्हा तांत्रिक कामाकडे आलेलं इथे कुणी आहे का? जाण्याआधी काय काय ठरवून घ्यायला हवं?

खरडवही

मी आलेय, ताई. वेगळ्या क्षेत्रात, वाहन उद्योगात, डिझाइनकडे परत. थोडक्यात सांगते.

ग्रेड आणि व्हेरिएबल तोंडी ठरवू नका, लेखी घ्या. तुमचं अप्रेझल कोण करणार ते आधीच विचारा, कारण कालपर्यंत जो तुमच्या हाताखाली होता तोच उद्या तुमचं रेटिंग ठरवू शकतो. मला ते पहिल्या वर्षी फार जड गेलं. तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला टीम सोपवायला दोन-तीन महिने लागतील, त्या काळात दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात पडतात. त्याची शेवटची तारीख आधीच ठरवा, नाहीतर ती येतच नाही. आणि जुन्या स्टिअरिंग मीटिंगांची, म्हणजे वरिष्ठांच्या आढावा बैठकांची, आमंत्रणं स्वतःच्या हाताने नाकारा. लोक "फक्त अर्धा तास" म्हणून बोलवत राहतात.

घरच्यांचं म्हणाल तर माझ्या सासऱ्यांना मी हुद्दा सांगितलाच नाही. त्यांना कारखान्यात नेऊन मी बसवलेला दरवाजाचा सांधा उघडझाप करून दाखवला. तुमच्या आईंना तसं काय दाखवता येईल ते तुम्हीच जाणे. पण बोलायला जाण्याआधी त्या रात्रीच्या मुलाला विचारा की त्याला तुमच्याकडे शिकायचंय का. तुमच्या हाताखाली मेनफ्रेमची नवी माणसं तयार होणार असतील तर वरिष्ठांना तुमचा महाग तास कुठे जाणार हे दाखवता येईल. माझं गाडं तिथेच पुढे सरकलं होतं.